डोंगरावरील गवत पडीक नव्हे

महसुली दप्तरांत जमिनीच्या प्रत्येक तुकड्यास कांहीं तरी नांव द्यावें लागतें. खाचर असेल तर भात लिहावें, भाजीचा मळा असेल तर बागायत लिहावें, आणि यांपैकीं कांहींच नसेल तर ‘पड’, ‘गवत पड’ किंवा ‘पोटखराबा’ लिहून मोकळें व्हावें, अशी रीत आहे. गांव नमुना बारामध्यें लागवडीस उपलब्ध नसलेल्या जमिनीचा एक रकाना असतो. डोंगरउताराचें क्षेत्र बहुधा त्यांत जाऊन बसतें. आकारणीच्या दृष्टीनें हें योग्यच आहे. जी जमीन पीक देत नाहीं तिच्यावर पिकाचा सारा बसूं नये, एवढाच त्याचा मूळ हेतु होता. परंतु कागदावरील शब्द हळूहळू माणसाच्या मनांत उतरतो. ‘पड’ म्हणजे जेथें कांहींच नाहीं अशी जागा, असा समज होतो. आणि तो एकदां झाला म्हणजे त्या जागेवर कोणीं काय करावें यास धरबंध राहत नाहीं. एक जण तिला आग लावतो, दुसरा तींतून मुरूम उचलतो, तिसरा पुण्यकर्म समजून तिच्यावर खड्डे खणतो व परकी रोपें लावतो. तिघांचीं कृत्यें निरनिराळीं आहेत, पण तिघेही एकच गोष्ट धरून चालतात, ती ही कीं, येथें पूर्वीं कांहीं नव्हतें. हें धरून चालणें चुकीचें आहे, आणि ज्यांच्या खात्यावर ही जमीन आहे त्या शेतकऱ्यांनींच तें प्रथम ओळखलें पाहिजे, असें माझें मत आहे.

विठ्ठलवाडीहून दक्षिणेस पाहिलें असतां मलंगगडाची रांग दिसते. गडाचा माथा समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांहून अधिक उंच असून त्याच्या पायथ्याशीं अनेक लहान टेकड्या व सोंडा पसरलेल्या आहेत. हा सर्व काळा पत्थर सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा. सोंडांच्या पाठीवर मातीचा थर कोठें वीतभर, तर कोठें चार बोटेंच. आमच्याकडे वर्षास शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो खरा, पण तो सारा चार महिन्यांत पडतो व पुढील आठ महिने कोरडे जातात. घळींत व ओहोळांच्या कांठीं माती सांचते, ओल टिकते; तेथें ऐन, साग, पळस, कुडा हीं झाडें आपोआप वाढतात. उघड्या पाठीवर मात्र गवतच तग धरतें. कांहीं उतार पूर्वीं कुऱ्हाड चालल्यामुळें उघडे पडले व मग तेथें गवत आलें, ही गोष्ट नाकबूल करण्याचें कारण नाहीं. सगळें गवत मूळचेंच असें मी म्हणत नाहीं. परंतु आज तें उभें आहे, मातीला धरून आहे, आणि त्याच्या आश्रयानें पुष्कळ जिवांचा संसार चालला आहे.

या सोंडांवरून दिसणारा देखावा केवळ हौशी लोकांनीं पाहावा असा नाहीं. शेतकऱ्यानेंही तो एकदां नीट पाहावा. उत्तरेस उल्हास नदी कल्याणच्या खाडीकडे उतरतांना दिसते, व हवा स्वच्छ असेल तर त्यापलीकडे माहुलीचे सुळके दिसतात. आग्नेयेस चंदेरी व माथेरानचें पठार, पश्चिमेस पारसिकची रांग. याच डोंगरांच्या कुशींतून वालधुनी निघते, अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहते, आणि उल्हासनगर व विठ्ठलवाडीवरून कल्याणास जाऊन खाडीस मिळते. म्हणजे डोंगराच्या पाठीवर पडलेला थेंब अखेर आपल्या दारावरूनच जातो. २६ जुलै २००५ रोजीं वालधुनी व उल्हास या नद्यांनीं कल्याणपासून बदलापुरापर्यंत केलेली नासाडी पुष्कळ वाचकांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली आहे. तेवढा पाऊस गवतानें थोपला असता असें कोणी म्हणणार नाहीं. तथापि वणव्यानें काळ्या झालेल्या उघड्या उतारावर मृगाची पहिली सर पडते तेव्हां पाण्याबरोबर माती येते, व ज्या उतारावर गवताचें मूळ व खुंट शाबूत आहे तेथून तुलनेनें निवळ पाणी येतें, हा अनुभव पायथ्याच्या प्रत्येक भातशेतकऱ्यास आहे. ती वाहून आलेली माती आपल्या बांधांत, ओढ्यांत व तळ्यांत बसते, आणि तिचा उपसा करण्याचा खर्च पुन्हां आपल्याच माथीं पडतो.

आतां या तथाकथित पडीवर काय असतें तें पाहूं. प्रथम गवतें. मारवेल, शेडा, पवन्या, डोंगरी हीं गुरांच्या पसंतीचीं. रोशा सुवासिक, पण गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत. आणि कुसळी कोंवळी असतांना चारा, पिकल्यावर मात्र गुरांच्या तोंडास व माणसाच्या धोतरास सारखाच ताप. पावसाच्या आरंभीं घळींच्या तोंडाशीं शेवळाचे कोंब येतात. मागून फोडशी, टाकळा, भारंगी, कुरडू, करटोलीं. ठाकूर व कातकरी बाया या रानभाज्या कल्याणच्या बाजारांत आणून विकतात, व शहरांतील लोक त्या आवडीनें घेतात. श्रावण-भाद्रपदांत तेरडा, सोनकी, कवला यांनीं उतार रंगून जातो व कुंपणाकडेला कळलावी फुलते. हीं बहुतेक फुलझाडें मोकळ्या उन्हाचीं आहेत. दाट सावलींत तीं टिकत नाहींत.

जनावरें व पक्षी यांचेंही तसेंच. टिटवी, चंडोल, लावा, तित्तिर हे झाडावर घरटें करीतच नाहींत. उघड्या जमिनीवर किंवा गवताच्या बुंध्याशीं अंडीं घालतात. पांढऱ्या-करड्या रंगाची कापशी हवेंत एका जागीं पंख फडफडवीत थांबते व खालीं झेंप घेऊन उंदीर उचलते. हे उंदीर आपल्या खाचराच्या बांधांतलेच होत. तेव्हां कापशी ही शेतकऱ्याची बिनपगारी राखणदार आहे. दसऱ्यास ज्याचें दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ अशाच मोकळ्या माळावर टोळ व भुंगे टिपतो. सुगरण घरट्यासाठीं गवताचे धागे येथूनच नेते. हिवाळ्यांत गवतावरून अगदीं खालून तरंगत जाणारे शिकारी पक्षी उत्तरेकडून येतात. ससा, मुंगूस, घोरपड, धामण, रानमांजर यांचा येथेंच वावर असतो. रानडुकराचें भय शेतकऱ्यास असतें व तें खरें आहे. परंतु डुक्कर दिवसां लपतें तें घाणेरीच्या व रानमोडीच्या जाळींत, कापलेल्या गवतांत नव्हे. तेव्हां गवताची निगा राखली तर डुकराचा आसरा वाढतो हा समज उलटा आहे.

या डोंगराचें मोल आपल्या पूर्वजांस ठाऊक होतें. ठाणें जिल्ह्यांत ‘वरकस’ जमीन म्हणजे भातखाचराची जोडजमीन. तिच्यावरील गवत गुरांस, पाला व काटक्या राबास. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबई ते ठाणें रेल्वे सुरू झाली व पुढील वर्षीं ती कल्याणपर्यंत आली, तेव्हां मुंबईचे घोडे, बैल व दुभत्या म्हशी यांच्यासाठीं या जिल्ह्यांतील वाळलें गवत तिकडे जाऊं लागलें. गवताच्या वखारी उभ्या राहिल्या. भाताचें पीक बुडालें तरी गवताच्या पैशावर घरपट्टी व सारा भागे, असे दिवस होते. ज्या जमिनीवर घर तगलें तिला पडीक म्हणणें हा तिच्यावर अन्याय आहे.

येथें आक्षेप येईल कीं, गवत कितीही चांगलें असलें तरी झाड त्याहून चांगलें. मग डोंगरावर झाडें लावण्यास विरोध कां? माझा विरोध झाडास नाहीं, न पाहतां लावण्यास आहे. २०१६ पासून २०१९ पर्यंत राज्यांत वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली. शेवटच्या वर्षीं एकट्या ३३ कोटी रोपांचा संकल्प होता. आमच्याच बाजूस, मलंगगडाच्या पायथ्याशीं मांगरूळ येथें जुलै २०१७ मध्यें लोकांनीं मोठ्या उत्साहानें एक लाख रोपें लावलीं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लागलेल्या वणव्यांत त्यांपैकीं पुष्कळ जळालीं. आग कशी लागली हा येथें प्रश्न नाहीं. वाळलेलें गवत कंबरेइतकें उभें असेल तर एका ठिणगीनें काय होतें, हें आपणांपैकीं प्रत्येकास माहीत आहे. ज्यांनीं रोपें लावलीं त्यांची भावना चांगली होती. म्हणूनच त्या श्रमाची राख होणें अधिक दुःखाचें. डोंगराच्या गवताची व्यवस्था न लावतां त्यांत झाडें लावणें म्हणजे गंजीच्या मध्यावर घर बांधण्यासारखें आहे.

उलट पक्षीं, डोंगरास कुंपण घालून गुरें, विळा व माणूस यांस कायमची बंदी करावी, म्हणजे निसर्ग आपोआप सांवरेल, असेंही कांहीं जण म्हणतात. या मतास एका परदेशी उदाहरणानें उत्तर देतां येईल. इंग्लंडच्या दक्षिण भागांत चुनखडीच्या दगडाच्या गवताळ टेकड्या आहेत. दगड निराळा, पण मातीचा थर आपल्या सोंडांसारखाच पातळ. तेथें शतकानुशतकें मेंढ्या चरत आल्या, त्यामुळें गवत आंखूड राहिलें व त्यांत नाना जातींचीं फुलझाडें वाढलीं. त्या टेकड्यांवर ‘लार्ज ब्लू’ नांवाचें एक निळें फुलपांखरूं होतें. त्याची अळी थोडे दिवस रानओव्याच्या जातीच्या एका झुडपाच्या फुलांवर वाढते व मग खालीं पडते. एका जातीची तांबडी मुंगी तिला आपलें पिलूं समजून वारुळांत नेते, आणि ती अळी तेथें मुंग्यांचीं पिलें खाऊन मोठी होते. हें फुलपांखरूं कमी होऊं लागलें तेव्हां लोकांस वाटलें कीं, पकडणारे हौशी लोक त्याचा नाश करीत आहेत. कांहीं ठिकाणीं कुंपणें घालण्यांत आलीं. परंतु कुंपणामुळें चराईही थांबली. त्यांतच १९५३ पासून सशांत एक सांथ आली व गवत खाणारे ससे मेले. गवत उंच झालें, त्याच्या सावलीनें जमीन थंड पडली, ती तांबडी मुंगी नाहींशी झाली, आणि तिच्या मागोमाग १९७९ सालीं तें फुलपांखरूंही त्या देशांतून नष्ट झालें. जेरेमी थॉमस या शास्त्रज्ञानें मुंगीचा हा संबंध शोधून काढला होता, पण तोंपर्यंत वेळ निघून गेली होती. पुढें १९८३ पासून स्वीडनमधून तीं फुलपांखरें आणून, आणि मुख्य म्हणजे टेकड्यांवर पुन्हां बेतानें गुरें चारून, तीं वसविण्यांत आलीं. सॉमरसेट परगण्यांतील कॉलर्ड हिल या चुनखडीच्या टेकडीवर आतां लोक तीं पाहण्यासाठीं मुद्दाम जातात.

आपल्या देशांतील गोष्टही लक्षांत घेण्यासारखी आहे. माळढोक हा पक्षी मोकळ्या गवताळ माळाचा. तो जमिनीवरच अंडें घालतो. त्याच्यासाठीं सोलापूर व नगर जिल्ह्यांत १९७९ सालींच अभयारण्य जाहीर झालें, व त्याचें क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर ठरलें. त्यांत अनेक गांवें व हजारों खातेदारांच्या जमिनी आल्या. जमिनीच्या व्यवहारांस अडथळे झाले व शेतकऱ्यांत असंतोष माजला. अखेर तें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावें लागलें. दरम्यान माळ नांगरले गेले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या, आणि आज तेथें माळढोक दिसणें हीच बातमी होऊन बसली आहे. यांतून मला एवढेंच दिसतें कीं, नकाशावर रेघ ओढल्यानें गवत राखलें जात नाहीं. तें खातेदारानें राखलें तरच राहतें, आणि त्यानें वेळीं राखलें तर सरकारास रेघ ओढण्याची गरजही कमी पडते. इंदापूर तालुक्यांतील कडबनवाडी व बारामती तालुक्यांतील शिर्सुफळ येथील माळांवर कोल्हे, लांडगे व चिंकारा पाहण्यासाठीं अलीकडे वनखात्यानें पैसे घेऊन सफर सुरू केली आहे. ज्या जमिनीस पड म्हणतात ती पाहण्यासाठीं लोक पैसे देतात, हें ध्यानांत ठेवावें.

तेव्हां आपण करावें काय? माझ्या अल्पमतीप्रमाणें पुढील पांच गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, जाळपट्टा. भातकापणीच्या धांदलींत गवताकडे पाहण्यास सवड नसते हें खरें. तरीही रस्त्याच्या, पायवाटेच्या व गांवाच्या बाजूस पंधरा-वीस हात रुंदीची पट्टी कापणीपूर्वींच साफ करावी. सगळा डोंगर कापण्यास महिना लागतो, ही पट्टी चार माणसें थोड्या दिवसांत करूं शकतात.

दुसरी, कापणीचा क्रम. जेथें कुसळी अधिक तो भाग, तिचें कुसळ पिकण्यापूर्वीं, आधीं कापावा. मारवेल व शेडा फुलोऱ्यावर असतांना कापले तर चारा सकस मिळतो. पुरते वाळल्यावर नुसती काडी उरते. कापतांना चार बोटें खुंट ठेवावा. आग लावल्यानें पुढच्या वर्षीं गवत जोमानें येतें ही समजूत सर्वत्र आहे. परंतु वर्षानुवर्षें जाळलेल्या डोंगरावर कुसळीच माजते, कारण ती आगीस दाद देत नाहीं, आणि गुरांस हवें असलेलें गवत मागें पडतें.

तिसरी, राखीव हिस्सा. डोंगराचे चार भाग कल्पून एक भाग दर वर्षीं आळीपाळीनें उशिरा कापावा. बीं पडण्यास अवधि मिळतो व जमिनीवर राहणाऱ्या पांखरांस आसरा मिळतो. राखीव भागाभोंवतीं मात्र जाळपट्टा अवश्य पाहिजे.

चौथी, चराई. पहिल्या पावसानंतर दीड-दोन महिने गुरें वर सोडूं नयेत. कोंवळा कोंब मुळासकट उपटला जातो. नंतर भागाभागानें फिरवावीं. कायमची चराईबंदी व कायमची मोकाट चराई हीं दोन्ही टोंकें टाळावीं.

पांचवी, झाडें. तीं जरूर लावावीं, पण घळींत, ओहोळाकांठीं व बांधांवर. आणि तींही ऐन, हिरडा, बेहडा, करवंद, बांबू अशीं येथलीं. गिरीपुष्प लवकर हिरवें दिसतें म्हणून सोंडेच्या पाठीवर रांगा घालूं नयेत. घाणेरी व रानमोडी मात्र फुलण्यापूर्वीं मुळासकट काढावीं, नाहीं तर दहा वर्षांत गवतही जातें व वाटही बंद होते.

कोणी म्हणेल, मजुरीचे दर पाहतां गवत परवडत नाहीं, आणि शेजारीं जमिनीस सोन्याचा भाव आला असतां गवताची गोष्ट कोण ऐकणार? हा आक्षेप पोकळ नाहीं. गवताचें उत्पन्न घरांच्या भूखंडाशीं कधींही बरोबरी करणार नाहीं, आणि ज्याला मुलीच्या लग्नासाठीं किंवा आजारपणासाठीं जमीन विकावी लागते त्यास उपदेश करण्याचा अधिकार मला नाहीं. पण उतारावरील जमीन प्रथम घरासाठीं मागितली जात नाहीं. ती मुरुमासाठीं मागितली जाते. मुरूम हें गौण खनिज आहे. त्यास परवानगी लागते, स्वामित्वधन भरावें लागतें, आणि बिनपरवाना उचल झाल्यास महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ (७) प्रमाणें बाजारभावाच्या पांचपटीपर्यंत दंड होऊं शकतो. गाड्या भरून नेणारा निघून जातो, नोटीस मात्र सात-बारावरील नांवास येते. मिळालेले पैसे दोन-चार वर्षांत संपतात, आणि मागें राहतो तो कापलेला कडा, ज्यावर गवतही येत नाहीं. गवताचें उत्पन्न थोडें, पण तें आजोबांस मिळालें, नातवासही मिळूं शकतें. कल्याण-अंबरनाथ बाजूच्या तबेल्यांस चारा आजही लागतो. एकेकट्यानें कापून विकण्याऐवजीं एका डोंगराच्या पांच-सात खातेदारांनीं मिळून कापणीचा मक्ता दिला व जाळपट्ट्याचा खर्च वांटून घेतला, तर तो बोजा पुष्कळ हलका होईल. आग हद्द पाहत नाहीं. तेव्हां राखणही हद्दीपुरती करून भागत नाहीं.

आतां पिकांची नोंद तलाठ्यानें न करतां खातेदारानेंच आपल्या फोनवरून करावयाची, अशी ई-पीक पाहणीची पद्धत २०२१ पासून राज्यभर चालू आहे. म्हणजे वर्षांतून एकदां तरी आपणांस आपल्याच जमिनीकडे पाहून तिच्यापुढें शब्द निवडावा लागतो. त्या यादींत डोंगरासाठीं कदाचित् ‘पड’ हाच शब्द निवडावा लागेल, आणि सरकारी नमुन्यापुरता तो निवडण्यास हरकत नाहीं. पण ती नोंद करण्यापूर्वीं एकदां वर चढून जावें. कोणतें गवत किती उरलें, घाणेरी कोठवर आली, ओहोळाकांठीं माती कोठें तुटली, टिटवी अजून ओरडते कीं नाहीं, हें पाहावें व घरच्या वहींत लिहून ठेवावें. मंडळाच्या सभासदांनीं येत्या कार्तिकाच्या आंत आपापल्या डोंगराची अशी पाहणी करून शेजारच्या खातेदारांशीं जाळपट्ट्याविषयीं बोलणें करावें, ही माझी नम्र सूचना आहे. वणवा माघांत लागतो, त्याची तजवीज दिवाळीपूर्वींच करावी लागते.

— एक निवृत्त महसूल कारकून, विठ्ठलवाडी